गुरुवारची वीज जायच्या आत

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. पितृपक्षातला बुधवार आहे, साल १९९६. उद्या गुरुवार, म्हणजे पुण्यात सकाळी वीज जाणार ती दुपार कलल्याशिवाय यायची नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या लाकडी जिन्यानं तुम्ही वर येता. दारातच चपलांचा ढीग पडलेला. धूळ नको म्हणून आत अनवाणीच जायचं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, भिंतीशी रचलेली कागदाची रिमं आणि लाल शाईनं रंगलेल्या प्रुफांचा ढिगारा. दुसरा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय. लक्ष्मीपूजन १० नोव्हेंबरला आहे, दिवाळी अंक त्याआधी चांगला पंधरवडाभर स्टॉलवर लागायला हवा. १६० पानांचे दहा फर्मे, नऊ गेले. दहावा आज रात्री पॉझिटिव्हला, म्हणजे छपाईची फिल्म काढायला, गेलाच पाहिजे.

तुमच्या खिशातला फोन इथे कामाचा नाही. व्हीएसएनएलनं देशात इंटरनेट सुरू करून जेमतेम वर्ष झालंय, आणि या वाड्यात मोडेम नाही. फर्मा इथून केळकर रस्त्यावर फिल्म काढणाऱ्यांकडे जाणार तो फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी जाणार तुमच्या पायांनी.

ऑपरेटर ताई खुर्चीतूनच तुम्हाला न्याहाळतात. "तुम्हीच जाणार ना? मग आधी हात धुऊन या. तेलकट बोट आत लागलं तर रात्र वाया जाईल."

हात पुसून आलात की त्या साडेतीन इंची फ्लॉपीचा पत्रा अंगठ्यानं हळूच सरकवून दाखवतात. आत करडी-तपकिरी चकती. मायलारचा पातळ पापुद्रा आणि त्यावर चुंबकीय ऑक्साइडचा लेप, बस. वरखाली मऊ पांढरं अस्तर आहे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते तेव्हा तिच्यावरची धूळ हे अस्तर टिपून घेतं. हार्ड डिस्कचं हेड चकतीपासून किंचित वर तरंगत असतं. फ्लॉपीची दोन्ही हेडं मात्र दोन बाजूंनी चकतीला टेकलेली असतात आणि घासत फिरतात. फ्लॉपी वाचली की थोडी झिजलीच. लेपाचा एखादा कण सुटला तर तो हेडवर बसतो आणि पुढची फ्लॉपीही ओरखडतो.

ताई नव्या खोक्यातली फ्लॉपी घेतात. खोक्यावर 'फॉरमॅट केलेली' असं छापलंय, तरी त्या पुन्हा फॉरमॅट करायला लावतात, तेही झटपट नाही, पूर्ण. ८० ट्रॅक, दोन्ही बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर. ड्राइव्ह एकेक पाऊल टाकत आत सरकतो आणि प्रत्येक पावलाला टक् असा आवाज येतो. शेवटी पडद्यावर १४,५७,६६४ बाइट असा आकडा येतो आणि खाली 'बॅड सेक्टर'ची ओळ नसते, तेव्हाच ती फ्लॉपी कामाची. एक जरी सेक्टर खराब निघाला तरी फ्लॉपी कचऱ्यात. डॉस त्या सेक्टरवर खूण करून बाकीची जागा वापरू देतो, पण ताईंना ते मान्य नाही. लेप एका जागी सुटला की शेजारीही सुटणार, हा त्यांचा अनुभव आहे, आणि मला तो पटतो.

फॉरमॅटला दोनेक मिनिटं लागतील. तेवढ्यात पंचवीस वर्षं आणखी मागे जाऊन या. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, १९७१ साली, तुमच्या हातात आठ इंचांची एक लवलवती चकती आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३७० या प्रचंड यंत्रांना चालू होताना ज्या अंतर्गत सूचना लागतात, त्या आणि त्यांच्यातल्या सुधारणा गावोगावच्या यंत्रांपर्यंत टपालानं पोचवता याव्यात, यासाठी डेव्हिड नोबल यांच्या गटानं ती घडवली आहे. आधी ती उघडीच होती. धुळीनं इतका त्रास दिला की तिला पाकीट शिवावं लागलं आणि पाकिटाला आतून अस्तर द्यावं लागलं. फ्लॉपीच्या जन्मातच धुळीशी भांडण आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच: या पहिल्या फ्लॉपीवर गिऱ्हाइकाला लिहिताच येत नव्हतं. लिहायचं एका जागी, कारखान्यात. बाकी सगळ्यांनी फक्त वाचायचं. पुढे १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोनीची कडक कवचाची साडेतीन इंची, १९८७ मध्ये १.४४ एमबीची. आणि घरोघरचा, दुकानादुकानातला प्रत्येक ड्राइव्ह लिहू लागला. आजच्या रात्रीचा सगळा घोळ त्यातून आलाय. तो तुम्हाला अजून दिसायचा आहे.

परत वाड्यात या. फॉरमॅट झालंय. ताई फर्म्याची फाईल कॉपी करतात, मग 'एफसी /बी' असा आदेश देऊन हार्ड डिस्कवरची आणि फ्लॉपीवरची फाईल बाइटमागून बाइट ताडून बघतात. कॉपी करताना '/व्ही' लावलं की पडताळणी होते असं पुष्कळजण समजतात. ती पडताळणी सेक्टर वाचता येतो का एवढंच बघते, आत काय लिहिलंय ते मुळाशी ताडत नाही. फरक नाही असा निरोप येतो. मग दुसऱ्या फ्लॉपीवर हाच सगळा सोपस्कार. दोन फ्लॉप्या, दोन्हींवर तोच फर्मा. शेवटी दोन्हींच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडतात, म्हणजे तिकडे कुणी चुकूनही त्यांवर लिहू शकणार नाही.

"एक वरच्या खिशात, एक पिशवीत. टेलिफोनवर ठेवू नका, स्पीकरवर ठेवू नका. आणि पर्सच्या चुंबकाच्या बटणाजवळ तर नकोच."

चुंबकाची भीती अवाजवी नाही, पण त्यातही तारतम्य आहे. चुंबकाचा जोर अंतरागणिक झपाट्यानं उतरतो. चकतीला जवळजवळ टेकलेलं बटण मजकूर पुसू शकतं. हातभर लांबचा स्पीकर सहसा काही करत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात जास्त फ्लॉप्या जातात त्या ओलाव्यानं. कपाटात बंद राहिल्या की चकतीवर पांढुरके ठिपके धरतात. ती बुरशी. ताई दर काही दिवसांनी डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलतात आणि प्रत्येक फ्लॉपीचा पत्रा सरकवून उजेडात बघतात. ठिपका दिसला तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, कितीही निकड असो. ती एक फ्लॉपी वाचायच्या नादात हेड खराब होतं, आणि मग चांगल्या फ्लॉप्याही मरू लागतात.

तुम्ही निघता. लक्ष्मी रस्ता ओलांडून नारायण पेठेत शिरता. दुकानांची शटरं अर्धी उतरलीत. केळकर रस्त्याच्या एका बोळात काचेचं दार, आत एसीची थंडी, इमेजसेटर आणि फिल्म धुण्याच्या रसायनाचा वास. इथे पुण्यातले निम्मे दिवाळी अंक पॉझिटिव्हच्या रूपात बाहेर पडत असावेत, इतकी गर्दी आहे. प्रत्येकाच्या हातात फ्लॉपी. इथल्या दादांचा एक नियम आहे: बाहेरची फ्लॉपी थेट कामाच्या मशीनमध्ये जात नाही. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर फक्त तपासणीसाठी ठेवलाय.

त्याचं कारण तुमच्यापुढचा माणूस तुम्हाला सांगतो. सहा वर्षांपूर्वी आपल्याकडेच पहिल्यांदा एक व्हायरस सापडला होता, 'जोशी' नावाचा. ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला सांगायचं. केलं की पुढे चालायचं. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरायचा, नेहमीच्या ट्रॅकांच्या पलीकडे एक जादा ट्रॅक तयार करून त्यात लपायचा. या जातीच्या व्हायरसला फाईल उघडावी लागत नाही. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली आणि मशीन नव्यानं चालू झालं की झालं. आता गुरुवार आठवा. फ्लॉपी आत असताना वीज जाते, चहा पिऊन येईतो वीज परत येते, कॉम्प्युटर आपसूक चालू होतो आणि आधी फ्लॉपीकडेच बघतो. याच सुमारास याच शहरात काटकर बंधूंचं क्विक हील हे व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर आकाराला येतंय, ते काही हवेतून आलेलं नाही.

तुमची पाळी येते. दादा फ्लॉपी घालतात. दिवा लागतो. खर्रर्र. थांबतो. पुन्हा खर्रर्र. हा आवाज नीट ऐका: सेक्टर वाचता आला नाही की हेड पार शून्याव्या ट्रॅकपर्यंत मागे नेलं जातं आणि पावलं मोजत पुन्हा आत येतं. मग पडद्यावर उमटतं: डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अबॉर्ट, रिट्राय, फेल?

दादा 'आर' दाबतात. पुन्हा तेच. पिशवीतली दुसरी फ्लॉपी काढून द्या. दिवा, खर्रर्र, तीच ओळ.

आत काय झालंय ते समजून घ्यायला हवं. प्रत्येक सेक्टरच्या ५१२ बाइटनंतर दोन बाइट पडताळणीचे असतात. ड्राइव्ह सेक्टर वाचतो, तिकडे कंट्रोलर हिशेब करतो आणि तो या दोन बाइटांशी जुळवतो. जुळला नाही तर तो एवढंच सांगू शकतो की चूक आहे. चूक कुठल्या बाइटात आहे आणि बरोबर काय असायला हवं, हे त्याला सांगता येत नाही. सीडीवर चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती मजकुरासोबतच लिहिलेली असते, म्हणून ओरखडा पडलेली सीडीही वाजते. फ्लॉपीवर तशी सोय नाही. तिच्याकडे 'पुन्हा बघ' एवढा एकच उपाय आहे.

दादा तुमच्या फ्लॉपीचा पत्रा सरकवतात, उजेडात फिरवतात. चकती स्वच्छ आहे. मग दुसऱ्याच कुणाची फ्लॉपी घालतात. ती सुरळीत वाचली जाते. "फ्लॉपी चांगलीये. तुमच्या ताईंचा ड्राइव्ह सरकलाय. मागच्या दोन-तीन फर्म्यांना रिट्राय मारायला लागलं होतं, आज वाचतच नाहीये."

साडेतीन इंची फ्लॉपीवर इंचाला १३५ ट्रॅक बसवलेत. दोन ट्रॅकांमधलं अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. हार्ड डिस्कवर हेडला जागा दाखवणाऱ्या खुणा चकतीवरच कोरलेल्या असतात, हेड चुकलं की त्या बघून सावरतं. फ्लॉपी ड्राइव्हला तसलं काही नाही. शून्याचा ट्रॅक एका सेन्सरनं कळतो, तिथून पुढे मोटर पावलं मोजते आणि पाऊल बरोबर पडलं असेल असं धरून चालते. स्क्रू सैल झाला, ड्राइव्हला धक्का बसला, आतलं तापमान वाढलं, मायलार दमट हवेनं ताणला गेला, की सगळे ट्रॅक ठरलेल्या जागेपासून जरासे बाजूला पडतात. आखीव वहीत रेघ सोडून लिहिणाऱ्या मुलाला आपलं अक्षर बरोबर लागतं. अडचण दुसऱ्यानं वाचायला घेतल्यावर येते.

म्हणूनच ताईंच्या सगळ्या तपासण्या खऱ्या ठरूनही निरुपयोगी ठरल्या. फॉरमॅट त्याच ड्राइव्हनं केलं, लिहिलं त्यानंच, ताडलंही त्यानंच. दोन प्रती होत्या, पण लिहिणारा हात एकच होता. 'फ्लॉपी करप्ट झाली' असं म्हणून माणसं चांगल्या फ्लॉप्या फेकून देतात याचं मला वाईट वाटतं. बिघाड पुष्कळदा फ्लॉपीत नसतोच. तो दोन ड्राइव्हांच्या मधे असतो, आणि दोघंही आपापल्या जागी बिनचूक असल्याची खात्री देत असतात.

दादा आपल्या ड्राइव्हवर एक छोटी फाईल लिहून ती फ्लॉपी तुमच्या हातात ठेवतात. "ही तिकडे लागते का बघा." पुन्हा लक्ष्मी रस्ता, पुन्हा जिना. ताई ती घालतात: सेक्टर नॉट फाउंड. आता शंकेला जागा नाही.

साडेनऊ झालेत. नवा ड्राइव्ह आत्ता कुठे मिळायचा?  मालक काका क्षणभर विचार करतात आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलतात. "फ्लॉपी वाचत नाही ना त्यांचा ड्राइव्ह? मग आपला ड्राइव्हच नेऊ."

कॉम्प्युटर बंद, मागची वायर काढलेली. कव्हर सरकतं. चार स्क्रू, एक चार पिनांची वीजजोडणी, एक ३४ तारांची सपाट पट्टी. काका पट्टीच्या लाल कडेची बाजू बॉलपेननं ड्राइव्हच्या पाठीवर लिहून ठेवतात. तळहाताएवढा तो डबा पंच्यात गुंडाळून तुमच्या हातात येतो. "आपटू नका. आणखी सरकला तर आपल्यालाही वाचता यायचं नाही."

तिसऱ्यांदा केळकर रस्ता. दादा हसत नाहीत, नवलही करत नाहीत. असं आधीही कुणी केलेलं दिसतंय. तपासणीच्या मशीनचं कव्हर उघडून ते आपला ड्राइव्ह सोडवतात आणि तुमचा लावतात. चालू करताच दिवा लागतो आणि लागूनच राहतो. पट्टी उलटी बसली. फ्लॉपी अजून आत घातलेली नाही, हे बरं झालं. मशीन बंद, पट्टी उलटवून पुन्हा चालू. दिवा लागतो, विझतो. आता फ्लॉपी. टक्, टक्, टक्. कुठेही न अडखळता फर्मा हार्ड डिस्कवर उतरतो. कामाच्या मशीनवर नेऊन दादा तो पेजमेकरमध्ये उघडतात, फाँट जागेवर आहेत ना ते बघतात, एका पानावरची जोडाक्षरं डोळे बारीक करून वाचतात आणि काम इमेजसेटरकडे सोडतात.

अकराच्या सुमारास तुम्ही ड्राइव्ह घेऊन वाड्यात परतता, दादांचा निरोपही सांगता: हा ड्राइव्ह आजच टाकून द्या. दुकानदाराला विचारलं तरी तो हेच म्हणेल. अलाइनमेंट करून घेण्यापेक्षा नवा घेणं सोयीचं.

ताई एकदम म्हणतात, "काका, टाकायचा नाही."

त्या भिंतीतल्या फडताळाकडे बोट दाखवतात. तिथे डब्यांमागे डबे. चार वर्षांचं कंपोझिंग: कथासंग्रह, शाळेच्या स्मरणिका, एका संस्थेचा इतिहास, लग्नपत्रिकांचे नमुने. यातलं बरंच काही हार्ड डिस्कवरून पुसलंय, जागा हवी म्हणून. जुन्या फ्लॉप्या ड्राइव्ह नीट होता तेव्हाच्या आहेत. त्या नव्या ड्राइव्हवर लागतील. गेल्या काही महिन्यांतल्या तिरक्या ड्राइव्हच्या आहेत. त्या फक्त यावरच लागतील. आणि मधल्या? ड्राइव्ह एका दिवसात सरकलेला नाही, हळूहळू सरकत गेलाय. मधल्या फ्लॉप्या दोन्हींवर चालतील किंवा एकाहीवर नाही. दुरुस्ती केली तर सरकलेल्या काळातलं लिखाण वाचणारा एकमेव वाचकच नाहीसा होईल.

तुमच्या काळातून आलेल्या तुम्हाला हे ओळखीचं वाटायला हवं. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. जुन्या फ्लॉप्या सोडवणारी माणसं आता चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतात आणि त्यांतून सेक्टर कसे जुळवायचे ते नंतर निवांत ठरवतात. कधी ती मुद्दाम एखाद्या चांगल्या ड्राइव्हचं हेड थोडं थोडं सरकवतात आणि तीस वर्षांपूर्वीचा एखादा वाकडा ड्राइव्ह कुठे उभा होता ते शोधतात. तुमच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल तर फ्लॉपी सापडेल त्या ड्राइव्हमध्ये कोंबू नका. आधी पत्रा सरकवून ठिपके बघा, खिडकी उघडी करा, आणि ती लिहिली तो कॉम्प्युटर घरात कुठे पडून असेल तर त्याचा ड्राइव्ह भंगारात देऊ नका.

काकांनी तोवर पट्टी हातात घेतलीय. तिला जोडण्या दोन आहेत, एक पिळाच्या अलीकडे, एक पलीकडे. नवा ड्राइव्ह आणला की तो ए:, हा जुना बी:. शुक्रवारी नवा आणायचा. ताई मात्र तोवर थांबायला तयार नाहीत. पंच्यातून ड्राइव्ह काढून त्या काकांपुढे ठेवतात, सर्वांत अलीकडच्या तारखेचा डबा खाली काढतात आणि तुम्हाला समोर बसवतात. तुम्ही लेबलं वाचायची, त्या कॉपी करणार, जी अडेल तिच्यावर पेन्सिलनं फुली. सकाळी वीज जाईपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या.

"चला, पहिली कुठली? ऑगस्ट, स्मरणिका, भाग एक. द्या इकडे."